हेलिकॉप्टर किती सुरक्षित? कोणत्या उड्डाणात काय बिघडतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केदारनाथचं तिकीट काढणारे यात्रेकरू, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर ड्युटीला जाणारे कर्मचारी, सभेसाठी शेतात हेलिपॅड आखणारे कार्यकर्ते आणि पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांचे पालक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं पान वाचायला वेळ नसेल तर आपल्या कामाचा प्रश्न आधी वाचा. पण ढगांबद्दलचा प्रश्न कुणीही सोडू नये.

हेलिकॉप्टर विमानापेक्षा धोक्याचं असतं का?

ही तुलनाच फसवी आहे. मुंबई-दिल्ली विमान लांब धावपट्टीवरून उठतं, रडारच्या नजरेखाली उडतं आणि दुसऱ्या लांब धावपट्टीवर उतरतं. हेलिकॉप्टरला बोलावतात तेच मुळी धावपट्टी नसते तिथे: दरीत, रिगच्या डेकवर, ज्वारीच्या कापलेल्या रानात. जमिनीलगत आणि कमी वेगात काढलेली मिनिटं त्याच्या वाट्याला फार येतात, आणि धोका तिथेच असतो.

त्यामुळे ‘हेलिकॉप्टर सुरक्षित आहे का’ याऐवजी ‘हे उड्डाण कोणत्या जातीचं आहे’ असं विचारा. एकच बेल ४०७ (एक-इंजिनी हेलिकॉप्टर) सपाट मुलखात दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत उडते तेव्हा तिचा धोका वेगळा आणि हिमालयाच्या दरीत दिवसाला अनेक फेऱ्या मारते तेव्हा वेगळा. यंत्र तेच, पायलटही तोच असू शकतो. बदलतं ते काम.

अपघाताचे आकडे कसे वाचायचे?

जगभर दर एक लाख उड्डाण-तासांमागे किती अपघात झाले, हे मोजतात. अमेरिकेत सर्व प्रकारची नागरी हेलिकॉप्टरं धरून अलीकडच्या वर्षांत हा आकडा साधारण ३ ते ४ आहे. जीव जाणारे अपघात एकाहून कमी.

पण तासांच्या हिशेबात एक गोष्ट लपते. मुंबईहून रिगवर जाणारं हेलिकॉप्टर एका तासात एकदा उठतं आणि एकदा उतरतं. गुप्तकाशी-केदारनाथ शटल एका तासात चार-पाच वेळा उठतं आणि तितक्याच वेळा उतरतं. अपघातांचा मोठा वाटा उठता-उतरतानाचा असल्यामुळे शटलसाठी दर फेरीमागे किंवा दर लँडिंगमागे मोजणं जास्त खरं. कुणी ‘आमचे इतके हजार तास अपघाताविना’ असं सांगितलं, तर फेऱ्या किती आणि कोणत्या ठिकाणी, हे विचारावं.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं ना?

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. इंजिन बंद पडल्यावर पायलट कलेक्टिव्ह नावाची डाव्या हाताची दांडी लगेच खाली दाबतो. पात्यांचा कोन कमी होतो, खालून वर येणारी हवा त्यांना फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. हेलिकॉप्टर मिनिटाला साधारण १,५०० ते २,००० फूट या वेगाने खाली येतं, पण ताब्यात असतं. जमीन जवळ आली की नाक वर उचलून वेग मारायचा आणि पात्यांत साठलेली ऊर्जा शेवटच्या क्षणी वापरून टेकायचं.

अट दोन गोष्टींची. पहिली, हात लगेच चालला पाहिजे. रॉबिन्सन आर२२ सारख्या हलक्या पात्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये एक-दीड सेकंदाचा उशीरही महागात पडतो. पात्यांचे फेरे एकदा फार घटले की परत मिळत नाहीत. दुसरी, खाली उंची किंवा पुढे वेग, दोन्हींपैकी एक हाताशी हवं. दोन्ही नसतील अशा उंची-वेगाच्या जोड्यांचा आलेख प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत छापलेला असतो. त्यातल्या काळ्या पट्ट्याला पायलट ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात. दीडशे फुटांवर जागच्या जागी तरंगत फोटो काढणारं एक-इंजिनी हेलिकॉप्टर बहुधा याच पट्ट्यात असतं.

मग जीव जातात ते मुख्यतः कशाने?

ढगाने. अधिक नेमकं सांगायचं तर, बाहेर बघून उडायचं ठरलेलं असताना ढगात किंवा धुक्यात शिरल्याने.

पायलटला बाहेरचं क्षितिज दिसेनासं झालं की तोल सांभाळायला कानातलं द्रव उरतं, आणि ते खोटं सांगतं. हळूहळू सुरू झालेलं वळण कानाला कळतच नाही. काही सेकंदांनी त्याला वळणच सरळ वाटतं आणि सरळ केलं की उलट्या बाजूला कलल्यासारखं वाटतं. अमेरिकेच्या हेलिकॉप्टर सुरक्षा पथकाने या धोक्यावर काढलेल्या फिल्मचं नावच ‘जगायला ५६ सेकंद’ अशा अर्थाचं आहे. ढगात शिरल्यापासून ताबा सुटेपर्यंत पायलटला सरासरी एवढाच वेळ असतो.

२६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कालाबासास इथे कोसळलेल्या हेलिकॉप्टरमध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह ९ जण गेले. पायलटने कंट्रोलरला सांगितलं की आपण ४,००० फुटांकडे चढतोय. प्रत्यक्षात त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या शरीराला चढल्यासारखंच वाटत होतं. इंजिनं दोन्ही ठणठणीत होती.

आपल्याकडे २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं बेल ४३० नल्लमलाच्या जंगलात खराब हवामानात कोसळलं. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं एमआय-१७ व्ही५ पडलं. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटचं दिशाभान हरपलं आणि ताब्यात असलेलं हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

यावर उपाय तीनच: निघण्याआधी नाही म्हणणं, वाटेत ढग खाली येताना दिसताच मागे फिरणं, किंवा मोकळ्या शेतात उतरून थांबणं. हेलिकॉप्टर कुठेही उतरू शकतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण अपघाताच्या वेळी वापरलाच जात नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. रानात उतरलेल्या पायलटची बातमी होते, लोक व्हिडिओ काढतात, कंपनी जाब विचारते. असं उतरणाऱ्याचं खरं तर जाहीर कौतुक व्हायला हवं.

दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर घेतलं की प्रश्न मिटला ना?

इंजिनाचा प्रश्न बराचसा मिटतो. ढगाचा, तारेचा, गिअरबॉक्सचा आणि घाईचा मिटत नाही. वर सांगितलेली तिन्ही हेलिकॉप्टरं दोन इंजिनांची होती. २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात बावधनजवळ सकाळी उठल्यावर काही मिनिटांत पडलेलं ऑगस्टा १०९ सुद्धा दोन इंजिनांचंच. ते जुहूकडे निघालं होतं, तिघे गेले. समुद्रावर आणि दाट वस्तीवर दोन इंजिनं असायलाच हवीत, यात शंका नाही. पण दोन इंजिनं म्हणजे ढगात शिरायचा परवाना नव्हे.

पुणे-मुंबई हा तर जवळचा पल्ला. त्यात काय धोका?

पल्ला जवळचा, पण मधे सह्याद्री आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत पहाटे लोणावळा-खंडाळ्याच्या धारेवर ढग टेकलेले असतात, घाटाच्या पुण्याकडच्या उतारावर धुकं आणि कोकणात मात्र लख्ख ऊन. दोन्ही टोकांचं हवामान चांगलं म्हणून निघालेला माणूस मधल्या घाटात अडकतो. जुहूचा आणि पुण्याचा हवामान अहवाल घाटमाथ्याबद्दल काहीच सांगत नाही. घाटातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून ‘समोरचा डोंगर दिसतोय का’ एवढं विचारणं आजही उपयोगी पडतं. उत्तर ‘नाही’ असेल तर गाडीने तीन-साडेतीन तास.

केदारनाथच्या वाटेवर वारंवार अपघात का होतात?

एका कारणाने नव्हे, चार कारणं एकमेकांवर चढतात म्हणून.

पहिलं, विरळ हवा. केदारनाथचं हेलिपॅड सुमारे ११,७०० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान उणे ८ अंश धरतात. प्रत्यक्षात १२ अंश असेल तर फरक २० अंशांचा. दर अंशाला १२० फूट या ठोकताळ्याने २,४०० फूट वाढतात. म्हणजे इंजिन आणि पात्यांच्या दृष्टीने आपण १४,००० फुटांच्या वर उभे असतो. हवा विरळ असली की पात्यांना धरायला कमी मिळतं, इंजिनालाही कमी मिळतं. जमिनीलगत, म्हणजे रोटरच्या (डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या) व्यासापेक्षा कमी उंचीवर, खालून दाबलेल्या हवेची गादी आधार देते. हेलिपॅडच्या कडेवरून दरीवर सरकलं की ती गादी निघून जाते. हिशेब काठावरचा असेल तर हेलिकॉप्टर तिथेच खाली जातं.

दुसरं, दरी. रुंदी कमी, जाणारी-येणारी हेलिकॉप्टरं एकाच चिंचोळ्या वाटेत, आणि दरीचं तोंड ढगाने बंद व्हायला पाच मिनिटं पुरतात. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी गरुडचट्टीजवळ बेल ४०७ डोंगराला धडकलं, सातही जण गेले. १५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून परतणारं बेल ४०७ गौरीकुंडाजवळ पडलं. त्यातही सात जण गेले, त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक जोडपं आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी. दरीच्या तोंडाशी दाट ढग होते, असं प्राथमिक माहितीत आलं. ‘सकाळची पहिली फेरी सगळ्यात सुरक्षित’ हा समज इथे अपुरा पडतो. पहाटे वारा शांत असतो हे खरं, पण मान्सूनच्या तोंडावर दरीत रात्रीचं धुकं साचलेलं असतं.

तिसरं, फेऱ्यांचा रेटा. पाच-सात मिनिटांच्या फेरीत विचार करायला उसंत नसते. पुढच्या हेलिकॉप्टरवाल्याने दरी पार केली म्हणजे आपणही करू, असं मन म्हणतं. पण त्याने पाहिलेली दरी चार मिनिटांपूर्वीची असते.

चौथं, पुढची वाट दिसण्याची अपुरी सोय. डोंगरात रडारची नजर दरीच्या तळापर्यंत पोचत नाही. कॅमेरे, स्वयंचलित हवामान केंद्रं आणि नियंत्रण कक्ष हाच त्याला पर्याय. २०२५ मध्ये ८ मे ते १५ जून एवढ्या काळात चारधामच्या वाटेवर पाच घटना घडल्या, तेव्हा कुठे फेऱ्यांवर मर्यादा आणि नियंत्रण कक्ष या गोष्टींनी जोर धरला. सेवा पुन्हा सुरू झाली ती पावसाळ्यानंतर, सप्टेंबरच्या मध्यावर.

आईवडिलांना हेलिकॉप्टरने केदारनाथला पाठवायचं आहे. आम्ही काय पाहावं?

तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या अधिकृत हेलियात्रा संकेतस्थळावरून काढा. व्हॉट्सॲपवर ‘कन्फर्म सीट’ विकणारे बहुतेक फसवे असतात. शटल गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी इथून सुटतात.

वजन खरं सांगा. सहा प्रवाशांनी प्रत्येकी १५ किलो कमी सांगितलं तर ९० किलोंचा फरक पडतो. तेवढ्या वजनाचं इंधन सुमारे ११० लिटर होतं, म्हणजे बेल ४०७ च्या अर्ध्या तासाहून जास्त उड्डाणाचं. काट्यावर उभं राहताना स्वेटर, बूट, खांद्यावरची पिशवी सगळं अंगावर ठेवा. काटाच नसेल, तोंडी विचारून बसवत असतील, तर ती धोक्याची खूण समजा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हातात दोन दिवस मोकळे ठेवा. परतीचं रेल्वे तिकीट त्याच संध्याकाळचं असलं की सगळं कुटुंब काउंटरवर भांडायला लागतं, आणि तो दबाव शेवटी पायलटच्या सीटपर्यंत पोचतो. फेरी रद्द झाली तर वाद घालू नका. पैसे परत मिळतात.

हेलिकॉप्टरमध्ये चढता-उतरताना काय सांभाळायचं?

उडण्यापेक्षा इथे जास्त लक्ष द्यावं लागतं. २३ एप्रिल २०२३ रोजी केदारनाथच्या हेलिपॅडवरच एक सरकारी अधिकारी टेल रोटर (शेपटीवरचा छोटा पंखा) लागून गेले. फिरणारा टेल रोटर डोळ्याला दिसत नाही. तिथे फक्त धूसर चकती असते, आणि कडक उन्हात तीही नसते. शेपटीकडे जायचंच नाही, मागून वळसा तर कधीच घालायचा नाही.

जायचं ते पुढून, पायलटला दिसेल अशा बाजूने आणि कर्मचाऱ्याने खूण केल्यावरच. उतारावर हेलिकॉप्टर उभं असेल तर नेहमी उताराच्या खालच्या बाजूने जायचं-यायचं, कारण वरच्या बाजूला जमीन पात्यांच्या जवळ असते. इंजिन बंद होऊन पाती मंदावली की धोका संपला असं वाटतं, पण उलट आहे: मंद पाती वाऱ्याच्या झोतात माणसाच्या डोक्याएवढी खाली झुकतात. टोपी, ओढणी, उपरणं, शाल हातात घट्ट. उडून गेलेली वस्तू पकडायला धावायचं नाही. काठी किंवा छत्री असेल तर आडवी, कमरेखाली. सेल्फी पात्यांच्या घेराबाहेर.

मुंबई हायवरच्या उड्डाणांत काय वेगळं?

मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर. जुहूहून रोज माणसं नेणारी-आणणारी ही सेवा भारतातली सगळ्यात शिस्तीची हेलिकॉप्टर सेवा म्हणता येईल: दोन पायलट, दोन इंजिनं, फ्लोट (पाण्यावर तरंगायला फुगणाऱ्या पिशव्या), लाइफ जॅकेट, ठरलेले मार्ग. तरीही समुद्र सोडत नाही. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी रात्रीच्या सरावात डॉफिन हेलिकॉप्टर पडून दोन्ही पायलट गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी ओएनजीसीच्या पाच अधिकाऱ्यांसह डॉफिन एन३ पडलं, सातही गेले. २८ जून २०२२ रोजी सागर किरण रिगजवळ सिकॉर्स्की एस-७६डी समुद्रात उतरलं. नऊपैकी चौघे गेले, पाच वाचले.

रात्री रिगवर उतरणं हे या धंद्यातलं सर्वांत अवघड काम. चहूकडे काळोख, क्षितिज नाही, समोर एकच उजेडाचा ठिपका. त्या ठिपक्याकडे बघत आलं की वेग आणि उंची दोन्हींचा अंदाज चुकतो. म्हणून एक पायलट बाहेर बघतो आणि दुसरा डोळे यंत्रांवरून हलवत नाही, मोठ्याने वेग-उंची वाचत राहतो. २३ ऑगस्ट २०१३ रोजी शेटलंडमधल्या सम्बर्गजवळ सुपर प्यूमाचा वेग उतरताना घटत गेला आणि ते वेळेत लक्षात आलं नाही. १८ पैकी चौघे गेले. त्यानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने समुद्रावरच्या उड्डाणांचे नियम कडक केले: लाटा ठरावीक पातळीच्या वर असतील तर उड्डाण नाही, आणि बाहेर पडायच्या खिडकीपासून दूर असलेल्या सीटवर साध्या श्वासाच्या साधनानिशी कुणाला बसवायचं नाही.

समुद्रात उतरावं लागलं तर नेमकं काय करायचं?

पाण्याखालून सुटकेचं प्रशिक्षण ज्यांनी घेतलं आहे, त्यांनी उजळणी म्हणून वाचावं. ज्यांनी घेतलं नाही, त्यांनी ते घेतल्याशिवाय जाऊ नये. वाचून पोहता येत नाही.

इंजिनं आणि गिअरबॉक्स छतावर असल्यामुळे हेलिकॉप्टरचा जड भाग वर असतो. फ्लोट फुगले तरी लाटेने ते उलटतं. म्हणून बसल्याबरोबर आपली खिडकी कुठे आहे हे हाताने चाचपून ठेवा. डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. ‘ब्रेस’ (आपटायला तयार राहा) ही सूचना ऐकू येताच पट्टा घट्ट करून वाकायचं. पाण्यावर आपटल्यावर एक हात खिडकीच्या कडेवर, तो सोडायचा नाही. दुसऱ्या हाताने श्वासाचं साधन तोंडात, नसेल तर खोल श्वास. हेलिकॉप्टर उलटून आतली उलथापालथ थांबेपर्यंत थांबा. मग खिडकी ढकला. पट्टा सर्वांत शेवटी सोडायचा.

हा क्रम उलटा झाला तर काय होतं, हे समजलं की तो विसरत नाही. पट्टा आधी सोडला तर माणूस उलट्या केबिनमध्ये तरंगायला लागतो, टेकायला काहीच नसतं आणि खिडकी ढकलायला जोर लागत नाही. लाइफ जॅकेट आतच फुगवलं तर ते माणसाला केबिनच्या जमिनीशी, म्हणजे आता वर गेलेल्या तळाशी चिकटवून ठेवतं. म्हणून जॅकेट बाहेर पडल्यावरच.

गिअरबॉक्स इतका महत्त्वाचा का? इंजिन दोन असतात, तो का नाही?

कारण मुख्य रोटर एकच असतो आणि त्याला फिरवणारा मुख्य गिअरबॉक्सही एकच. इंजिनाचे मिनिटाला हजारो फेरे तो रोटरच्या काही शे फेऱ्यांवर आणतो आणि सगळं हेलिकॉप्टर त्याच्यावर लटकलेलं असतं. १ एप्रिल २००९ रोजी उत्तर समुद्रात सुपर प्यूमाचा गिअरबॉक्स तुटून १६ जण गेले. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉय इथे एच२२५ चा मुख्य रोटरच निखळला, १३ जण गेले. त्याच्या गिअरबॉक्समधल्या एका छोट्या फिरत्या चाकात (प्लॅनेट गिअरमध्ये) पृष्ठभागाखाली भेग वाढत गेली. गिअर झिजला की धातूचा कीस तेलात पडतो आणि चुंबकी डिटेक्टर तो पकडतो; इथे कीस पुरेसा पडलाच नाही, आणि कंपनं मोजणाऱ्या यंत्रणेलाही चाहूल लागली नाही.

१२ मार्च २००९ रोजी न्यूफाउंडलंडजवळ एस-९२ए च्या गिअरबॉक्सचं तेल गेलं, कारण फिल्टर धरणारे टायटॅनियमचे स्टड (बोल्टसारख्या सळ्या) तुटले. तेलाविना अर्धा तास चालेल असा समज होता. अकराएक मिनिटांत ते समुद्रात गेलं. १८ पैकी एक वाचला. नंतर स्टड पोलादी झाले. गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब गेला की ‘जवळच्या तळापर्यंत’ हा विचार सोडून ‘आत्ता, खाली’ हाच विचार हवा.

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तेव्हा स्वॉशप्लेट तुटल्याचं आढळलं. पायलटची दांडी आणि फिरणारी पाती यांच्यातला हा दुवा. त्यालाही दुसरा जोडीदार नसतो.

सभेसाठी तात्पुरतं हेलिपॅड करायचं आहे. काय लागतं?

निवडणुकीत हे काम मांडववाल्यावर सोपवतात, ते थांबवावं. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं एस-७६ उठता उठताच तारांत अडकून खाली आलं. सगळे वाचले ते नशिबाने. लातूर जिल्हा साधारण ६०० मीटर उंचीवर. मे महिन्यात ४० अंश धरले तर हवेची घनता साडेपाच हजार फुटांवरची. महाराष्ट्राचं पठार उन्हाळ्यात छोटा हिमालय होतं, हे आयोजकांच्या डोक्यातच येत नाही. ३ मे २०२४ रोजी महाडला उतरता उतरता धुळीच्या लोटात एक हेलिकॉप्टर कलंडलं.

जागा: हेलिकॉप्टरच्या एकूण लांबीच्या किमान दीडपट कडक, सपाट चौक. सोळा-सतरा मीटरच्या यंत्राला निदान २५ बाय २५ मीटर, आणि त्याच्या भोवती मोकळा पट्टा. नांगरलेलं रान नको, चाक रुतलं की तोच बिंदू धरून हेलिकॉप्टर उलटतं. बहुतेक हेलिकॉप्टरांना पंधराएक अंशांपर्यंत कललं की परत आणणं अवघड होतं. पाणी आदल्या रात्री भरपूर आणि उतरण्याआधी अर्धा-पाऊण तास पुन्हा. फक्त ‘एच’ भोवती शिंपडून भागत नाही, रोटरचा झोत तीस-चाळीस मीटरवरची धूळ उचलतो. गालिचा, पताका, फुगे, पत्रे, प्लास्टिकच्या खुर्च्या, फुलांच्या परड्या काही जवळ नको.

येण्या-जाण्याच्या दोन दिशा तारा, खांब, झाडं, मोबाइल टॉवर यांपासून मोकळ्या हव्यात आणि त्या वाऱ्याच्या रेषेत हव्यात. नकाशा काढून प्रत्येक तार त्यावर दाखवून पायलटला आधी पाठवा. वाऱ्याची दिशा दाखवायला कापडी नळी, अग्निशमन बंब, आणि दोरी धरून उभे पोलीस. वाजवीपेक्षा जास्त माणसं बसवायला कुणी आलं, कितीही मोठा नेता असला, तरी पायलटचा शब्द अखेरचा.

तारा इतक्या घातक का? दिसत नाहीत का?

दिसत नाहीत. आकाशाच्या पार्श्वभूमीवर एक सेंटिमीटरची तार शंभर-दीडशे मीटरवरूनही हरवते, आणि हेलिकॉप्टर तेवढं अंतर काही सेकंदांत कापतं. ८ मे २०२५ रोजी उत्तरकाशीत गंगनानीजवळ बेल ४०७ चा पायलट रस्त्यावर उतरायच्या प्रयत्नात होता. रस्त्याकडेच्या फायबर केबलला मुख्य रोटर लागला. सातपैकी सहा गेले. मुंबईचे प्रवासीही त्यात होते. केबल विजेची नव्हती. इंटरनेटची बारीक केबल सुद्धा पुरते.

शिकवण्यात सांगतात: तार शोधू नका, खांब शोधा. ओलांडायचं तर खांबाच्या डोक्यावरून, कारण तिथे उंची पक्की कळते. नाकावर तार कापणारी पाती बसवता येतात, पण ती समोरून, पुरेशा वेगात लागलेल्या तारेलाच कापतात.

एअर ॲम्ब्युलन्सचं काय? तिथे तर माणूस वाचवायलाच जातात.

म्हणूनच तिथला धोका वेगळा. पेशंटचं वय, त्याची अवस्था कळली की पायलट हवामानाकडे जरा नरमाईने बघतो. अमेरिकेत २००८ हे रुग्णवाहक हेलिकॉप्टरांसाठी फार वाईट वर्ष गेलं. त्यानंतर २०१४ मध्ये नियम आले: जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा, जमिनीपासूनची उंची दाखवणारा रेडिओ अल्टिमीटर, उड्डाणाची नोंद. चांगल्या सेवांमध्ये आणखी एक पद्धत आहे. पायलटला फक्त ‘कुठून कुठे’ एवढंच सांगतात, पेशंटबद्दल काही नाही. आणि पायलटसह पथकातल्या तिघांपैकी एकानेही नको म्हटलं तर उड्डाण नाही. आपल्याकडे ही सेवा वाढते आहे, तेव्हा हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. १७ मे २०२५ रोजी केदारनाथला हेली ॲम्ब्युलन्स उतरताना शेपूट तुटली. आतले तिघे सुखरूप राहिले.

मुलाला हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय. शिकताना कुठे चुकतं?

शिकाऊ उड्डाणांत अपघात बरेच, पण जीव जाण्याचं प्रमाण कमी, कारण उंची आणि वेग कमी. तीन गोष्टी घोटून घ्याव्यात. एक, उठताना स्किड (चाकांऐवजी असलेली खालची नळी) अडकून कलंडणं. उपाय कलेक्टिव्ह खाली, वर नव्हे. दोन, सरळ खाली येताना स्वतःच्याच भोवऱ्यात बसणं: पुढचा वेग तीसेक नॉटच्या खाली आणि खाली येण्याचा वेग मिनिटाला ३०० फुटांवर गेला की ती हद्द सुरू होते. तिथे शक्ती वाढवली तर आणखी वेगाने बसतं. पुढे किंवा बाजूला निघून जायचं. तीन, रॉबिन्सनसारख्या दोन पात्यांच्या रोटरवर उजव्या हातातली दांडी झटक्यात पुढे ढकलून अंग हलकं करणं. रोटरचा मधला भाग तो ज्यावर फिरतो त्या खांबावर आपटतो आणि खांब तुटतो. न्यूझीलंडमध्ये यावर फार चर्चा झाली आहे. शाळा निवडताना शिक्षकाला हे तिन्ही विचारा. जुनं आर४४ असेल तर टाक्या नव्या, फुग्याच्या अस्तराच्या आहेत का, हेही. जुन्या धातूच्या टाक्या साध्या आपटण्यातही फुटून पेट घेत.

एकूण अपघात कमी होताहेत का?

हो, पण हवे तितके नाही. २००५ मध्ये जगातल्या हेलिकॉप्टर क्षेत्राने दहा वर्षांत अपघात ८० टक्क्यांनी घटवायचं ठरवलं होतं. घट झाली, लक्ष्य गाठता आलं नाही. जिथे ग्राहकच कडक आहे, म्हणजे तेलकंपन्यांच्या कामात, सुधारणा जास्त झाली. सुट्ट्या प्रवाशाला अडून बसायची ताकद नसते, तिथे कमी.

भारतातल्या अपघाताचा अहवाल कुठे मिळतो?

नागरी अपघातांची चौकशी २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. आंतरराष्ट्रीय रिवाजाप्रमाणे प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम शक्यतो वर्षात यावा. अनेकदा जास्त वेळ लागतो. अहवाल ब्युरोच्या संकेतस्थळावर असतात. सैन्यदलांच्या अपघातांची चौकशी वेगळी होते आणि ती बहुधा जाहीर होत नाही. वाचताना आधी हवामान, वजनाचा तक्ता आणि शेवटच्या पाच मिनिटांचा क्रम पाहा. ‘पायलटची चूक’ हे शब्द आले तर तिथे थांबू नका. त्या दिवशीची ती कितवी फेरी होती आणि परत फिरायची मुभा त्याला खरंच होती का, हे आधीच्या पानांत शोधा.